जुन्या सायकलीची सफाई : वंगण, गंज आणि मुलामा

विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची तीन-चार दशके महाराष्ट्रातील शहरांत आणि खेड्यांत जी काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची आणि सळईच्या ब्रेकची सायकल सर्वत्र दिसत असे, ती आज पुष्कळ घरांत जिन्याखाली, पडवीत किंवा गच्चीवर उभी आहे, आणि पायडल फिरत नाही व जिकडेतिकडे गंज दिसतो एवढ्याच कारणावरून ती भंगारात दिली जाते. अशा सायकलीचे नीट परीक्षण केले, तर बहुधा असे आढळते की तिची फ्रेम शाबूत आहे, चाके सरळ आहेत, आणि दोष मुख्यतः दोनच आहेत : सांध्यांतील वंगण वाळून घट्ट झाले आहे आणि उघड्या पडलेल्या पोलादावर गंज चढला आहे. हे दोन्ही दोष घरगुती साधनांनी दूर करता येतात. मात्र कोणता भाग कोणत्या धातूचा आहे आणि त्यावर कोणता थर चढवलेला आहे हे न ओळखता जोर किंवा तीव्र आम्ल वापरले, तर इतक्या वर्षांच्या गंजाने केले नसेल एवढे नुकसान एका दुपारी होऊ शकते.

या सायकलीचा मूळ आराखडा इंग्लंडचा होता. रॅले, हर्क्युलिस, बी.एस.ए., फिलिप्स, हंबर या नावांच्या सायकली ब्रिटिश अमदानीत आयात होत असत. पुढे मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, मद्रासजवळ अंबत्तूर येथे १९४९ मध्ये टी.आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस आणि लुधियान्याला १९५६ मध्ये हीरो असे कारखाने देशात उभे राहिले, तरी त्यांनी आराखडा जवळजवळ तोच ठेवला. त्यामुळे यांपैकी कोणतीही सायकल असली तरी सफाईचा विचार एकाच पद्धतीने करता येतो, आणि छर्रे, कोन, कॉटर, चेन यांसारखे झिजणारे भाग आजही तालुक्याच्या बाजारात मिळतात. या सायकलीत धातूंचे तीन-चार वेगळे प्रकार एकत्र नांदतात. फ्रेम आणि पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, हे पोलादी नळ्यांचे असून त्यांवर भट्टीत भाजून पक्का केलेला काळा रंग असतो. हँडल, रिम, क्रँक आणि चेनव्हील यांच्या पोलादावर निकेल व क्रोमियमचा मुलामा असतो. हब व पायडल यांतील कप, कोन आणि छर्रे हे उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेल्या पोलादाचे असतात. चाकाच्या तारांवर आणि नटांवर पुष्कळदा जस्ताचा पातळ थर असतो. याखेरीज डायनॅमोचे कवच किंवा तत्सम एखादा भाग अ‍ॅल्युमिनियमचा आणि सीट कातड्याची असू शकते. यांपैकी एकाला मानवणारा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो, आणि सफाईतील बहुतेक अपघातांचे मूळ येथेच असते.

ग्रीस हे केवळ दाट तेल नसते. चरबीतील आम्ले आणि एखादा धातू यांच्या संयोगातून तयार होणाऱ्या साबणाच्या सूक्ष्म तंतूंचे जाळे तेलाला धरून ठेवते, दाब पडला की ते तेल थोडे थोडे सोडते, आणि त्यामुळे वंगण जागच्या जागी राहूनही काम करत राहते. जुन्या ग्रीसमध्ये हा साबण बहुधा कॅल्शियमचा, म्हणजे चुन्याचा, असे; लिथियमचे ग्रीस १९४० च्या दशकात प्रचारात आले आणि आज दुकानात मिळणारे साधे ग्रीस बहुतांशी तेच असते. सायकल वर्षानुवर्षे उभी राहिली की जाळ्यातील तेल हळूहळू झिरपून जाते, उरलेल्या तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्याची चिकट राळ बनते, आणि शेवटी मेणासारखा तपकिरी साबण तेवढा मागे राहतो. त्यात रस्त्यावरची धूळ मिसळलेली असते. या धुळीतील वाळूचे कण पोलादालाही ओरखडे पाडण्याइतके कठीण असल्यामुळे असे ग्रीस असताना सायकल जबरदस्तीने चालवणे म्हणजे कप आणि कोन स्वतःच्या हाताने घासून काढणे होय. तरीही या काळ्या लगद्याचा एक उपकार मान्य केला पाहिजे. ज्या भागावर तो जाड बसलेला असतो, त्या भागापर्यंत पाणी आणि हवा पोहोचलेली नसते, आणि म्हणून बाहेरून सर्वांत घाणेरडा दिसणारा हबचा किंवा चेनव्हीलच्या मागचा भाग साफ केल्यावर अनेकदा सर्वांत चांगल्या स्थितीत निघतो.

गंजाचे स्वरूप वेगळे आहे, कारण तो बाहेरून येऊन बसलेला मळ नसून खुद्द लोखंडाचेच बदललेले रूप असते. पोलादाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अत्यंत पातळ थर जमला तरी एखाद्या बिंदूपाशी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात, शेजारच्या दुसऱ्या बिंदूपाशी पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते इलेक्ट्रॉन स्वीकारतो, आणि या दोहोंच्या परिणामाने लोखंडाचे पाणी धरून ठेवणारे तांबूस ऑक्साइड तयार होते. पाण्यात मीठ असेल तर विजेचा हा सूक्ष्म प्रवाह अधिक सुकर होतो. त्यामुळे खाऱ्या वाऱ्याच्या कोकणपट्टीत, मुंबईत आणि गोव्यात सायकल देशावरच्या कोरड्या हवेतील सायकलीपेक्षा फार लवकर गंजते. गंज सच्छिद्र असल्याने ओलावा शोषून ठेवतो आणि खालच्या ताज्या धातूला संरक्षण देण्याऐवजी पुढचा गंज घडवत राहतो. शिवाय ज्या लोखंडापासून तो बनतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो, त्यामुळे रंगाखाली किंवा मुलाम्याखाली शिरलेला गंज त्या थराला आतून उचलून त्याची पोपडी काढतो, आणि आट्यांमध्ये शिरलेला गंज नट व बोल्ट यांना एकमेकांत पाचर मारल्यासारखे आवळून धरतो.

या दोन गोष्टींच्या स्वभावावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. वंगणाचा तवंग असलेल्या पृष्ठभागावर पाण्यातील कोणतेही आम्ल पोहोचू शकत नाही, ते मण्यांसारखे घरंगळून जाते. म्हणून आधी ग्रीस, मग गंज, आणि शेवटी नवे संरक्षण हाच क्रम पाळावा लागतो. त्याआधीचे पहिले काम मात्र सायकल सुटी करण्याचे आहे, आणि घाई करणाऱ्या माणसाकडून सर्वाधिक मोडतोड याच टप्प्यावर होते. जखडलेल्या प्रत्येक सांध्यात पातळ, झिरपणारे तेल किंवा डिझेल सोडून तो निदान रात्रभर तसाच ठेवावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल सोडावे, आणि मगच पाना लावावा. आट्यांच्या दिशेबाबतही दोन अपवाद ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे : डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, आणि इंग्लिश पद्धतीच्या फ्रेममध्ये बी.बी.चा, म्हणजे पायडलांचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो त्या जागेचा, चेनच्या बाजूचा कपही उलट्या आट्यांचा असतो. हे ठाऊक नसल्यामुळे सैल करण्याच्या हेतूने पाना अधिकच आवळला जातो आणि आटे कायमचे निकामी होतात. चेनच्या बाजूचा हा कप सफाईसाठी काढण्याची गरजही क्वचितच असते. डावा कप आणि आस काढला की चिंधी आत घालून तो जागच्या जागी स्वच्छ करता येतो, आणि तसेच करणे शहाणपणाचे आहे.

कॉटरचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. जुन्या सायकलीत क्रँक आसावर बसवण्यासाठी एका बाजूने तिरपी सपाटी दिलेली पोलादी खुंटी वापरतात, तिलाच कॉटर म्हणतात, आणि अनेक वर्षांचा गंज व पायांचा दाब यांनी ती आपल्या भोकात पक्की रुतलेली असते. तिचा नट पूर्ण काढून उघड्या आट्यांवर हातोडी मारली तर टोक पसरून खुंटी मुळीच बाहेर येत नाही. त्याऐवजी नट थोडा सैल करून आट्यांच्या टोकाशी समपातळीत आणावा, क्रँकच्या खाली जाड लोखंडी नळीचा तुकडा जमिनीपर्यंत असा टेकवावा की कॉटरचे डोके त्या नळीच्या पोकळीत येईल, आणि मग अनेक हलके ठोके मारण्याऐवजी जड हातोडीचा एकच नेमका घाव घालावा. नळीच्या आधारामुळे घावाचा जोर छर्ऱ्यांवर आणि कपांवर न जाता सरळ खुंटीवर पडतो. आधाराविना मारलेला प्रत्येक घाव आतल्या कपात छर्ऱ्यांचे ठसे उमटवतो, आणि असे ठसे पुढे कोणत्याही सफाईने जात नाहीत. काढलेला कॉटर पुन्हा वापरू नये. तो मऊ पोलादाचा, स्वस्त आणि झिजण्यासाठीच बनवलेला भाग आहे.

वंगण काढण्यासाठी सायकलच्या दुकानांत पिढ्यान्‌पिढ्या रॉकेल वापरले गेले आणि त्याहून योग्य द्रव सुचवणे आजही कठीण आहे. ते पूर्वीसारखे सहज मिळत नसल्याने आता त्याची जागा डिझेलने किंवा रंगाच्या दुकानातील टर्पेंटाइनने घेतली आहे. या द्रवांचे रेणू ग्रीसमधील तेलाच्या रेणूंसारखेच असल्याने ते त्यात मुरतात आणि साबणाचे जाळे मोकळे करतात. पेट्रोल अधिक वेगाने काम करते, परंतु ते अजिबात वापरू नये. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, तर रॉकेलची वाफ पेटण्यास निदान अडतीस अंश तापमान लागते, आणि घराच्या व्हरांड्यात उघड्या तसराळ्यात ओतलेल्या पेट्रोलची जड वाफ जमिनीलगत पसरत दूरच्या शेगडीपर्यंत पोहोचते; शिवाय त्यातील बेंझिन श्वासावाटे व त्वचेवाटे शरीरात जाते. जाड थर आधी लाकडी पट्टीने खरवडून काढावा, मग भाग द्रवात बुडवून ठेवून ब्रशने घासावा, आणि शेवटी गरम पाणी व भांडी घासण्याचा द्रव साबण यांनी धुऊन लगेच कोरडा करावा. हा शेवटचा धुण्याचा टप्पा गाळता येत नाही, कारण रॉकेलचा उरलेला तवंग पुढच्या गंज काढण्याच्या कामात अडथळा आणतो. कॉस्टिक सोडा चरबीचे साबणात रूपांतर करतो म्हणून काही जण तो सुचवतात, पण तो अ‍ॅल्युमिनियमला खाऊन टाकतो, रंग उतरवतो आणि डोळ्यांत उडाल्यास दृष्टी घालवू शकतो. सायकलच्या कामात त्याची गरज नाही.

हब, पायडल आणि बी.बी. उघडताना खाली कापड अंथरावे आणि प्रत्येक ठिकाणचे छर्रे मोजून वेगळ्या वाटीत ठेवावेत. या प्रकारच्या सायकलीत बहुधा मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला पाव इंची ९ छर्रे, पुढच्या हबमध्ये तीन-सोळांश इंची १० आणि बी.बी.मध्ये पाव इंची ११ असतात. साफ केल्यानंतर कप आणि कोन यांच्या फिरत्या पट्ट्यांची परीक्षा करावी : बॉलपेनचे टोक त्या पट्टीवरून हलकेच फिरवले असता डोळ्यांना न दिसणारा खड्डाही बोटांना जाणवतो. गुळगुळीत, चकाकती रेघ दिसली तर तो भाग पुढेही सुखाने चालेल. खड्डे लागले तर तो बदलण्यावाचून उपाय नाही, आणि गंजलेले कोन पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवणे ही निव्वळ फसवणूक ठरते, कारण कठीण केलेल्या पोलादाचा वरचा थर त्यात निघून जातो व आतील मऊ धातू लवकर झिजतो. छर्रे इतके स्वस्त असतात की जुने चांगले दिसत असले तरी नवेच घालावेत.

फ्रीव्हील उघडण्याचा मोह सामान्य वाचकाने टाळलेला बरा. त्याच्या आत दातेरी कड्यात अडकणारे दोन छोटे खटके असतात, ज्यांना दुकानांत कुत्रे म्हणतात, आणि त्यांना उचलून धरणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगा असतात; घट्ट झालेल्या वंगणात हे खटके चिकटले की पायडल मोकळे फिरते आणि चाक जागचे हलत नाही. संपूर्ण फ्रीव्हील रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून, फिरवत राहून, काळा द्रव निथळू द्यावा आणि पुन्हा ताज्या रॉकेलमध्ये बुडवावे. कटकट असा स्वच्छ आवाज येऊ लागला की ते कोरडे करून त्यात शिवणयंत्राचे पातळ तेल सोडावे. येथे ग्रीस भरले तर तोच दोष पुन्हा ओढवतो. चेनची परीक्षा त्याहून सोपी आहे. तिच्या दोन खिळ्यांमधील अंतर मुळात अर्धा इंच असल्यामुळे २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरते. ती ३ मिलिमीटरने वाढलेली आढळली तर खिळे आणि त्यांवरील नळ्या झिजल्या आहेत असे समजावे, व अशी चेन कितीही चकचकीत केली तरी ती चेनव्हीलचे दाते खात राहते.

मुलाम्यावरच्या गंजाचा विचार करताना मुलाम्याची रचना समजून घेतली पाहिजे. क्रोमियमचा मुलामा १९२० च्या दशकात व्यापारी प्रमाणावर सुरू झाला. त्याआधीच्या सायकलींवर केवळ निकेल असे, आणि त्याची किंचित पिवळसर, उबदार झाक क्रोमियमच्या निळसर चकाकीपासून सहज ओळखता येते. पुढील काळात पोलादावर निकेलचा थर आणि त्यावर क्रोमियमचा अतिशय पातळ थर अशी रीत रूढ झाली. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. क्रोमियमचा हा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो आणि पोलादाचे खरे संरक्षण त्याखालचे निकेल करते. निकेलमध्ये सुईच्या अग्राएवढे छिद्र राहिले तर तेथून ओलावा आत शिरतो आणि त्या एका बिंदूपाशीच लोखंड वेगाने विरघळू लागते. म्हणून हँडलवर किंवा रिमवर दिसणारे तांबूस ठिपके हे बहुधा अशा छिद्रांतून बाहेर पडलेल्या गंजाचे डाग असतात, भोवतालचा मुलामा शाबूत असतो, आणि वरून भयंकर दिसणारी रिम पुसल्यावर आश्चर्यकारकपणे उजळते. त्यासाठी स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा बोळा करावा, तो पाण्यात बुडवून ठिपक्यांवर हलक्या हाताने घासावा आणि वर येणारा राखाडी लगदा पुसत जावे. अ‍ॅल्युमिनियम हे क्रोमियमपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने चकाकी ओरबाडली जात नाही. पितळी तारांचा ब्रश हाही असाच सुरक्षित आहे. पॉलिश पेपर मात्र मुलाम्याला कधीही लावू नये, कारण त्यावरील कण क्रोमियमहूनही कठीण असतात आणि पाच मिनिटांत निकेलही नाहीसे होते. ज्या जागी मुलामा पोपडे येऊन सुटलेला आहे, तेथे कोणताही उपाय तो परत आणू शकत नाही. तेथे गंज काढून तेलाचा किंवा मेणाचा थर देत राहणे एवढेच हाती उरते.

घासून न निघणाऱ्या गंजासाठी आम्लांचा आधार घ्यावा लागतो, आणि येथे सौम्य आम्लच चांगले. पितळेची समई चिंचेने उजळवण्याच्या मागे जे रसायन आहे, तेच येथेही उपयोगी पडते : चिंचेतील टार्टारिक आणि लिंबातील सायट्रिक आम्ल धातूच्या ऑक्साइडला केवळ विरघळवत नाही, तर सुट्या झालेल्या धातुकणाला आपल्या रेणूत पकडून पाण्यात धरून ठेवते. वाण्याकडे लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक आम्ल लिटरभर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम घालून त्यात पोलादी भाग काही तास बुडवावा, मधूनमधून ब्रशने घासावा आणि गंज सुटताच बाहेर काढावा; अधिक वेळ ठेवल्यास आम्ल निरोगी पोलादावरही चढते व पृष्ठभाग काळपट, खरखरीत होतो. जस्ताचा थर दिलेल्या तारा आणि नट, तसेच अ‍ॅल्युमिनियमचे भाग या द्रावणात घालू नयेत, कारण आम्ल गंजाआधी जस्तच खाते. जुन्या सायकलींचे जाणकार ऑक्झॅलिक आम्ल अधिक पसंत करतात. लिटरमागे २० ग्रॅमच्या आसपासचे त्याचे द्रावण गंज उत्तम काढते आणि मुलाम्याला व काळ्या रंगाला तुलनेने कमी त्रास देते. परंतु ते विषारी आहे. शरीरात गेल्यास ते कॅल्शियमशी संयोग पावून मूत्रपिंडात खडे धरते, म्हणून हातमोजे व चष्मा घालूनच ते हाताळावे, त्याची भुकटी हवेत उडू देऊ नये, आणि त्याचे द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. लहान मुले असलेल्या घरात सायट्रिक आम्लावरच समाधान मानणे योग्य होय.

फरशी आणि शौचालय धुण्यासाठी मिळणारे हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र पूर्णपणे वर्ज्य समजावे. ते गंज झपाट्याने काढते, पण लोखंडही तितक्याच झपाट्याने विरघळवते, त्याची वाफ खोलीतील इतर हत्यारांवर नवा गंज आणते, आणि आट्यांच्या खाचांत उरलेले क्लोराइड धुऊनही पूर्ण जात नसल्याने साफ केलेला भाग महिन्याभरात पहिल्यापेक्षा अधिक गंजलेला दिसतो. त्याहून गंभीर धोका अदृश्य असतो. तीव्र आम्लात लोखंड विरघळताना सुटणारा हायड्रोजन कठीण केलेल्या पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. सीटच्या स्प्रिंगा, आस, कोन यांसारखे भाग मग कोणतीही पूर्वसूचना न देता तुटू शकतात.

मुलामा नसलेल्या, खूप गंजलेल्या पोलादी भागांसाठी विजेची पद्धत विलक्षण परिणामकारक आहे, कारण तीत गंज निघतो पण लोखंड जराही कमी होत नाही. प्लास्टिकच्या बादलीतील पाण्यात लिटरमागे पाच ते दहा ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्यात गंजलेला भाग आणि त्याला न टेकणारा साध्या लोखंडाचा पत्रा सोडतात, १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरचे ऋण टोक त्या भागाला आणि धन टोक पत्र्याला जोडतात, आणि काही तास प्रवाह चालू ठेवतात. भागाच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, तांबूस गंजाचा काही अंश काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि सैल होऊन ब्रशने सहज निघतो. हायड्रोजन स्फोटक असल्याने हे काम उघड्या हवेतच करावे, आणि तारा जोडताना वा काढताना चार्जर बंद असावा. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावण्याची चूक अनेकदा होते. त्यातून क्रोमियमची अत्यंत विषारी संयुगे पाण्यात उतरतात, म्हणून तेथे साधे लोखंडच हवे. सोड्याऐवजी मीठ घातले तर क्लोरीन वायू सुटतो. मुलाम्याचे, अ‍ॅल्युमिनियमचे आणि कठीण केलेल्या पोलादाचे भाग या पद्धतीपासून दूर ठेवावेत.

काही ठिकाणी गंज पूर्ण काढणे शक्य नसते, उदाहरणार्थ फ्रेमच्या नळ्यांच्या आत किंवा मडगार्डच्या दुमडलेल्या कडेत. तेथे गंजाचे स्थिर संयुगात रूपांतर करणारी द्रावणे वापरतात. त्यांत फॉस्फरिक आम्ल असेल तर लोखंडाचे फॉस्फेट बनते आणि टॅनिन असेल तर निळसर काळे टॅनेट बनते. हिरड्यातील टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचे सल्फेट, यांच्या संयोगातून आपल्याकडे पूर्वी लिहिण्याची काळी शाई करत असत. गंजावर टॅनिनचे द्रावण लावल्यावर येणारा काळा रंग त्याच जातीचा असतो. अशा थरावर नंतर रंग द्यावाच लागतो, तो स्वतः पुरेसे संरक्षण देत नाही.

फ्रेमवरील मूळ काळा रंग आणि त्यावरच्या सोनेरी रेघा यांना सर्वांत अधिक जपले पाहिजे. त्या रेघा अनेक कारखान्यांत कसबी हातांनी ओढलेल्या असत आणि कंपनीचे चिन्ह पातळ छापाच्या रूपाने चिकटवलेले असे. थिनर आणि पेट्रोल या रेघा व चिन्ह दोन्ही पुसून टाकतात. कोमट साबणपाणी, मऊ कापड, आणि हट्टी ठिकाणी न दिसणाऱ्या कोपऱ्यात चाचणी घेऊन वापरलेला रॉकेलचा थेंब यांपलीकडे येथे जाऊ नये. संपूर्ण फ्रेम घासून नवा चकचकीत रंग देण्याची हौस अनेकांना असते, परंतु थोडा झिजलेला मूळ रंग हा नव्या रंगापेक्षा नेहमीच मोलाचा असतो, कारण गेलेला मूळ रंग कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. मूळ रूपातील अशा सायकली पाहायच्या असतील तर पुण्यात कर्वेनगर येथील विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय त्यासाठी उत्तम स्थान आहे. कातडी सीटलाही रॉकेल, साबण आणि आम्ल यांचा स्पर्श होऊ देऊ नये. ती आधीच काढून बाजूला ठेवावी.

आम्लातून काढलेला भाग पाण्याने धुऊन खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावा, म्हणजे उरलेले आम्ल निष्प्रभ होते, आणि मग क्षणाचाही विलंब न करता कोरडा करावा. उघडे पडलेले ताजे पोलाद इतके संवेदनशील असते की दमट हवेत काही मिनिटांतच त्यावर नारिंगी झाक येते. कडक उन्हात तापवून किंवा गरम हवेचा झोत देऊन खाचांतील पाणी घालवावे आणि भाग कोमट असतानाच त्यावर यंत्राचे तेल चोळावे. मुलाम्यावर मेणाचे पॉलिश चालते. कपांत लिथियमचे ग्रीस भरावे, चेनच्या प्रत्येक नळीवर तेलाचा थेंब सोडून बाहेरचे तेल पुसून काढावे. खाद्यतेल कोठेही वापरू नये : करडई-जवसासारखी तेले हवेत वाळून राळ बनतात, आणि खोबरेल तर पुण्या-नाशिकच्या थंडीत गोठून बसते. दसऱ्याला सायकल धुऊन तिला झेंडूची माळ घालण्याची आपल्याकडील रीत सुंदर आहे, आणि पावसाळा नुकताच संपलेला असल्याने सफाईसाठी तो काळही योग्य आहे. मात्र त्या दिवशी बादलीभर पाणी ओतून सायकल तशीच ठेवली जाते, तेव्हा हबमध्ये आणि चेनमध्ये शिरलेले पाणी पुढच्या गंजाची बीजे पेरते. माळेआधी तेलाची कुपी घ्यावी.

वापरलेले रॉकेल किंवा डिझेल गटारात ओतू नये. ते बरणीत झाकून ठेवले असता काही दिवसांत गाळ तळाशी बसतो आणि वरचा स्वच्छ द्रव पुन्हा पुन्हा वापरता येतो. तेलकट गाळ आणि टाकाऊ तेल जुने इंजिन ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे, आणि भिजलेल्या चिंध्या उघड्या हवेत सुकवाव्यात. आम्लाचे टाकाऊ द्रावण सोडा घालून फसफस थांबेपर्यंत निष्प्रभ करावे.

घरातील जुनी सायकल भंगारवाल्याला देण्याचा विचार करणाऱ्या वाचकांनी त्याआधी एवढे तरी अवश्य करावे : फ्रेमच्या सांध्यांपाशी तडे आहेत का, चिमटा वाकला आहे का आणि नळ्यांना भोके पडली आहेत का हे पाहावे, आणि यांपैकी काहीही नसेल तर ती गल्लीतल्या जुन्या सायकल मिस्त्रीला दाखवावी. कॉटरवर एकच नेमका घाव कसा घालायचा आणि उलट्या आट्यांचा कप कसा हाताळायचा हे ज्यांच्या हाताला ठाऊक आहे असे कारागीर अजून महाराष्ट्राच्या गावागावांत आहेत. त्यांच्याकडे काम गेले तरच ते टिकतील.